आवृत्तिमीमांसा : खान्देशी स्टुडिओत नवं व्हर्जन उतरतं तेव्हा

प्रस्तावना

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली आणि १९२६ सालच्या शेवटच्या दिवशी धुळ्यात देह ठेवला. लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. जुना कागद जपायची इतकी भक्कम परंपरा घरात असताना एका विषयाचं मात्र एकही साधन आमच्या पाहण्यात आलेलं नाही. गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जळगाव-धुळ्याकडचे कारागीर तिची जुनीशी तुलना कशी करतात, हा तो विषय. ही उणीव प्रस्तुत निबंधाने भरून काढायचं योजलं आहे.

विषय क्षुल्लक आहे, असं कोणी म्हणेल. त्याने लग्नसराईत पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत कुठल्याही गावाच्या वेशीवर संध्याकाळी उभं राहावं. ‘केसावर फुगे’, ‘झुमकावाली पोर’ असली अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलेली आहेत, आणि वेशीवरचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. ग्रियर्सनने १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशीला, म्हणजे याच अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं. तिला मराठीच्या पंगतीत घ्यावं की गुजरातीच्या, यावर विद्वान पुढे भांडत राहिले. भाषेने मात्र दोन्हीकडच्या पंगती सोडल्या आणि ती वरातीत जाऊन नाचू लागली. हे नाचणं ज्या यंत्रावर घडतं, त्याचा अभ्यास क्षुल्लक कसा म्हणावा?

१. क्षेत्र आणि संज्ञा

शास्त्रात आधी क्षेत्र आखून घ्यावं लागतं. आमच्या क्षेत्राच्याही आवृत्त्या निघालेल्या आहेत. पहिली आवृत्ती म्हणजे इंग्रजी अमलातला एकसंध खान्देश जिल्हा. १९०६ साली तिचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग पडले. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. म्हणजे आतला ऐवज तोच, पाटी नवी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार बाहेर पडला. आज सरकारी यादीत खान्देश नावाचा जिल्हा शोधून सापडणार नाही. तरीही ढाब्याच्या पाटीवर, मसाल्याच्या पुडीवर आणि गाण्याच्या नावात खान्देशच चालतो. जुन्या आवृत्तीत केलेलं काम नव्या आवृत्तीत जसंच्या तसं उघडावं, या तत्त्वाचं यापेक्षा मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही. हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावं, पुढे कामाला येईल.

आता संज्ञा.

स्टुडिओ : घराच्या वरच्या मजल्यावरची अशी खोली, जिच्या भिंतींना गाद्या लावलेल्या असतात आणि जिच्यात पाहुणे आले तरी झोपू शकत नाहीत. कापसाच्या मुलुखात भिंतीला कापूस लावणं हा ध्वनिशास्त्राचा स्थानिक शोध आहे.

फीचर : जे नव्हतं तेव्हा कोणाचं काही अडत नव्हतं, आणि जे आल्यावर ‘याच्याशिवाय आतापर्यंत काम कसं केलं’ असं वाटतं, ते.

बग : जे फीचर आपण मागितलं नव्हतं, ते.

अपडेट : चालू असलेलं काम थांबवण्याचा प्रतिष्ठित मार्ग.

२. वंशावळ

खान्देशातल्या खोल्यांमध्ये मुख्यतः दोन घराणी नांदतात.

पहिलं घराणं क्यूबेसचं. जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ते १९८९ मध्ये अटारी संगणकासाठी काढलं. पुढे कंपनीच यामाहाच्या मालकीची झाली. या घराण्याच्या २००९ सालच्या पाचव्या आवृत्तीवर भारतातल्या छोट्या स्टुडिओंनी इतका जीव लावला, की नंतर कितीही आवृत्त्या आल्या तरी तिची जागा त्यांना पुरती घेता आली नाही. ती पाचवी आवृत्ती कुठून आली, पावती कुठे आहे, हे प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही. निबंधकारही विचारणार नाही. कंपनीने मात्र सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी किल्ली संगणकाला लावायची सक्ती कित्येक वर्षं केली आणि मार्च २०२२ च्या बाराव्या आवृत्तीत ती काढून टाकली. किल्ली गेली हे त्या आवृत्तीचं सर्वांत गाजलेलं फीचर. काही काढून घेतल्याबद्दल लोकांनी उत्पादकाचे आभार मानल्याची अशी उदाहरणं व्यापारात थोडीच.

दुसरं घराणं एफएल स्टुडिओचं. हे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. त्याचं पाळण्यातलं नाव फ्रूटीलूप्स आणि जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७. डिडिए डँब्रँ या प्रोग्रॅमरने ते लिहिलं तेव्हा ते चार ओळींचं ढोलक वाजवण्यापलीकडे काही करत नव्हतं. पुढे अमेरिकेत केलॉग कंपनीच्या ‘फ्रूट लूप्स’ या न्याहारीच्या पदार्थावरून नावाच्या नोंदणीत अडचण आली. शिवाय फळाच्या नावाचं यंत्र गंभीर लोक हाती धरत नव्हते. म्हणून २००३ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं. आपल्याकडे कचोरी आणि पोह्यांवरून असा तंटा झाल्याचं ऐकिवात नाही.

या घराण्याच्या दोन चालीरीती संशोधकाला माहीत हव्यात. पहिली अशी, की एकदा पैसे भरून विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट. दुसरी अशी, की चाचणीसाठी फुकट घेतलेल्या प्रतीत गाणं बनवता येतं, जतन करता येतं. पण एकदा बंद केलेलं काम पैसे भरल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. जळगावच्या सराफाकडे गहाण पडलेल्या डागिन्यासारखी ती फाइल असते : आहे आपलीच, ठेवलेलीही नीट आहे, फक्त लग्नात घालता येत नाही.

आता या घराण्याच्या आकडेमोडीकडे पाहू. बाराव्या आवृत्तीनंतर २०१८ मध्ये थेट विसावी आली. वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून वीस, असा खुलासा झाला. तेरा ते एकोणीस या सात आवृत्त्या कोणीही पाहिलेल्या नाहीत. राजवाडे असते तर कोण्या वाड्याच्या माळ्यावर त्यांची दप्तरं शोधायला निघाले असते. एकविसावीनंतर पुन्हा उडी, आणि आवृत्तीचं नाव एकदम २०२४. आता २०२४ मधून २१ वजा करावेत. उत्तर येतं २००३, म्हणजे बरोबर दुसऱ्या बारशाचं साल. यामागे काही गूढ आहे की नुसती वजाबाकी, याचा निर्णय आम्ही पुढच्या पिढीवर सोपवतो.

३. कालनिर्णय

आवृत्तीत काय आहे याआधी ती कोणत्या महिन्यात आली, हे खान्देशात पाहिलं पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आखाजीला कळस गाठतात आणि चातुर्मास लागला की थंडावतात. हळदीचं गाणं, नवरदेवाच्या नावाचं गाणं, वराती रिमिक्स, सगळी कामं या काळात एकमेकांच्या डोक्यावर बसतात. अशा वेळी संगणकावर नवीन काही घालणं म्हणजे नवरदेव घोड्यावर बसल्यावर घोड्याचा नाल बदलायला काढणं.

या दृष्टीने आम्ही पाश्चात्त्य कंपन्यांच्या तारखा मराठी पंचांगावर तपासल्या. आलेले निष्कर्ष विद्वानांसमोर प्रथमच मांडत आहोत.

फ्रूटीलूप्सचा जन्म १८ डिसेंबर १९९७ चा. त्या दिवशी वार गुरुवार आणि महिना मार्गशीर्ष. म्हणजे घरोघरी सवाष्णी महालक्ष्मीचा घट मांडून कहाणी वाचत होत्या, त्याच दिवशी बेल्जियममध्ये हे यंत्र प्रकट झालं. त्यावर पुढे किती जणांनी किती पैसा कमावला, हे पाहता योग वाया गेला असं म्हणवत नाही.

विसावी आवृत्ती मे २०१८ च्या उत्तरार्धात आली. मे म्हणजे ऐन लग्नाचा महिना, असं वरवर वाटेल. परंतु त्या वर्षी १६ मे ते १३ जून अधिक ज्येष्ठ होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात, मुहूर्त मिळत नाहीत. त्यामुळे खान्देशातल्या कारागिराला नवी आवृत्ती शांतपणे टाकून पाहायला भर उन्हाळ्यात सवड मिळाली. बेल्जियन लोकांनी दाते पंचांग पाहिलं होतं, असं आम्ही ठामपणे म्हणणार नाही. पाहिलं नव्हतं, असंही म्हणणार नाही.

२०२४ या नावाची आवृत्ती त्याच वर्षी जुलैत आली. त्या महिन्यात वारकरी पंढरीच्या वाटेवर होते आणि लग्नसराई सरत आली होती. हाही उत्तम योग. एकविसावी मात्र डिसेंबर २०२२ मध्ये, मार्गशीर्षात आणि भर मुहूर्तांत उतरली. क्यूबेस बारावी तर महाशिवरात्रीच्या मागोमाग आली. या दोन्हींविषयी आमचं मत अर्थातच सावध आहे.

४. परीक्षा

कंपन्या प्रत्येक आवृत्तीबरोबर नव्या गुणांची लांबलचक यादी देतात. ती यादी वाचून आवृत्ती जोखणं हा परदेशी मार्ग झाला. खान्देशात परीक्षा वेगळ्या आहेत.

पहिली, कूलर-परीक्षा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. खोलीला गाद्या लावलेल्या, दार-खिडकी बंद, आत गायक, संगणक आणि नवरदेवाचे दोन मित्र. कूलर चालू ठेवला तर तो गाण्यात येतो, बंद केला तर गायक उठून जातो. एफएल स्टुडिओत एडिसन नावाचं एक साधन आहे. नुसत्या कूलरचा आवाज त्याला आधी ऐकवायचा, मग सगळ्या ध्वनिमुद्रणातून तो आवाज वजा करायला सांगायचं. तत्त्व सोपं आहे, कारण त्यात गोंगाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहील असं गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक मांडणाऱ्याने आमच्या फीडरवरची वीज पाहिलेली नाही. ध्रुपदाला भरधाव पळणारा कूलर अंतऱ्यात व्होल्टेज पडलं की खर्जात उतरतो. मग वजाबाकी चुकते आणि गाण्यात कूलरऐवजी कूलरचं भूत राहतं. आजवर कोणतीही आवृत्ती या परीक्षेत पूर्ण उत्तीर्ण झालेली नाही.

दुसरी, सूर-परीक्षा. सूर सुधारण्याचं ऑटो-ट्यून हे साधन १९९७ सालचं. ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या धंद्यात होते. जमिनीत धक्के द्यायचे, परत येणाऱ्या लहरींचं गणित मांडायचं आणि खाली तेल कुठे आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आमच्याकडे हातात नारळ धरून बोअरची जागा दाखवणारा पाणाड्या आहे, त्याचीच ही अमेरिकन शाखा समजावी. फरक इतकाच, की पाणाड्याला कधीकधी पाणी लागत नाही; ऑटो-ट्यूनला मात्र कोणत्याही गळ्याखाली षड्ज लागतोच, नसला तरी लागतो. त्यामुळे ‘नव्या आवृत्तीत सूर जास्त चांगला लागतो का’ हा प्रश्नच बाद ठरतो. खरा प्रश्न असतो, ‘लावल्याचं ऐकू येतं का?’ येत असेल तर उत्तम. ऐकू आलं नाही तर गिऱ्हाईक म्हणतं, पैसे कशाचे घेतले?

इथे एक टीप. लता मंगेशकरांचं आजोळ धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरचं, आणि बालगंधर्वांचं बालपण काही काळ जळगावात गेलं. या दोघांनाही वरील साधनाची गरज पडली नाही. मात्र दोनच गायकांवरून भूमीविषयी सिद्धान्त बांधणं शास्त्राला धरून होणार नाही.

तिसरी, विलगीकरण-परीक्षा. तयार गाण्यातून गायकाचा आवाज, ढोल आणि बाकीची वाद्यं वेगवेगळी करायची कला आधी अशक्य मानली जायची. शिजलेल्या खिचडीतून डाळ आणि तांदूळ निवडता येत नाहीत, असंच सगळे धरून होते. व्हर्च्युअल डीजे या सॉफ्टवेअरने २०२१ च्या आवृत्तीत हे गाणं वाजत असतानाच करून दाखवलं आणि एफएल स्टुडिओने एकविसावीच्या २०२३ मधल्या सुधारणेत ही सोय दिली. खान्देशातल्या डीजे मंडळींच्या आयुष्यात याहून मोठी क्रांती झालेली नाही. पूर्वी एका गावच्या वरातीतलं गाणं दुसऱ्या गावी नेताना त्याचा ढोलही सोबत जायचा. आता गळा इथला, ढोल तिथला आणि बेंजो तिसऱ्याच लग्नातला, असं सोयरीकपत्रच जुळवता येतं. मूळ गाणं कोणाचं, हा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा तीनपट अवघड झाला, कारण आता त्याला तीन बाजू आहेत.

चौथी, संख्या-परीक्षा. विसाव्या आवृत्तीच्या मिक्सरमध्ये १२५ ट्रॅक होते. २०२५ नावाच्या आवृत्तीत ही मर्यादा ५०० वर गेली. कारागिरांनी ही बातमी गंभीर चेहऱ्याने एकमेकांना सांगितली. आता हळदीच्या गाण्याची गरज मोजू : ढोल, हलगी, ढोलाखालचा बेस, बेंजो, कीबोर्डवरची पुंगी, गायक, गायिका, कोरस, टाळ्या, शिट्टी आणि मधूनच येणारा एक इंजिनाचा हॉर्न. एवढं झालं तरी चारशेहून कितीतरी जास्त ट्रॅक शिल्लक राहतात. ते शिल्लक राहणं हेच वैभव आहे. पाहुण्यांपेक्षा खुर्च्या जास्त असल्याशिवाय मांडव भरल्यासारखा वाटत नाही.

पाचवी, ट्यूब-परीक्षा. साउंडगुडायझर नावाचं एफएल स्टुडिओतलं साधन तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. त्यावर ए, बी, सी, डी अशी चार बटणं आणि मधोमध एकच गोल खुंटी. काय होतं हे कोणाला विचारू नका, खुंटी उजवीकडे फिरवली की सगळं मोठं आणि बरं वाटायला लागतं. अशी खुंटी असताना बाकीची शेकडो साधनं कशाला, ही शंका नवशिक्याला येते. मुरलेल्याला येत नाही, कारण त्याने ती खुंटी पूर्ण उजवीकडे नेऊन ठेवलेली असते आणि त्याला काही ऐकू येत नाही.

यूट्यूब फार मोठ्या आवाजाची गाणी वाजवताना स्वतःहून खाली आणतं. त्यामुळे गाणं मोठं करण्याचे सगळे कष्ट तिथे वाया जातात. पण गावाच्या वेशीवर ट्रकवर चढवलेल्या ट्यूबा, म्हणजे मोठे स्पीकर, कोणाला खाली आणत नाहीत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितले. अमुक सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची झाली तर वर्षाला पंधराच दिवसांची मुभा राज्य सरकारला ठेवली. पंचावन्न डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं. वरातीत ते बोलणं आणि ती मर्यादा दोन्ही एकदमच ऐकू येत नाहीत. कोणतीही आवृत्ती आली तरी मिक्सिंगला बसलेला कारागीर शेवटी एकच विचारतो : “भो, ट्यूबवर वाजी का?” या प्रश्नाला कंपनीच्या कागदात उत्तर नाही.

सहावी, हाक-परीक्षा. गाण्यात दर काही ओळींनी ते कोणी बनवलं त्याचं नाव जाहीर होतं. ही हाक नसेल तर गाणं अनाथ आणि तास-दोन तासांत दुसऱ्याच्या नावावर. एफएल स्टुडिओत लिहिलेलं वाचून दाखवणारं एक जुनं बोलकं यंत्र फुकटात मिळतं. त्याची अडचण अशी, की ते इंग्रजी वळणाचं आहे आणि त्याला ‘ळ’ येत नाही. आता जळगावात ळ, धुळ्यात ळ, अमळनेर, पारोळा, भुसावळ सगळीकडे ळ. त्यामुळे गावाचं नाव घ्यायला शेवटी शेजारचा मुलगाच माइकसमोर उभा करावा लागतो. २०२५ च्या आवृत्तीने गोफर नावाचा एक बुद्धिमान मदतनीस दिला आहे. प्रश्न विचारला की तो कोणतं बटण कुठे आहे ते सांगतो. आमच्या खोल्यांमध्ये दारात बसून हेच सांगणारा माणूस आधीपासून आहे, आणि तो न विचारता सांगतो.

सातवी आणि अखेरची, बाहुली-परीक्षा. फ्रूटी डान्स नावाच्या साधनात एफएल-चॅन ही जपानी वळणाची चित्रातली मुलगी गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर नाचते. गाण्याच्या आवाजावर तिचा काडीइतकाही परिणाम होत नाही. तुलना करताना हिचं महत्त्व सर्वांत जास्त, कारण शंभर फीचर्सपैकी घरातल्या बायामाणसांना, पोरांना आणि हळदीचं गाणं घ्यायला आलेल्या नवरदेवाच्या मामांना पडद्यावरचं कळतं ते एवढंच. मामांचं समाधान झालं की उरलेली रक्कम मिळते.

५. संप्रदाय

आवृत्तीविषयी जळगाव आणि धुळे या दोन दिशांना दोन संप्रदाय आहेत, असं आमचं निरीक्षण आहे. जळगावात गोलाणी मार्केट आहे, त्यामुळे तिथला कारागीर नव्याकडे ओढला जातो. जिना चढताना दहा जण त्याला नवीन काय आलं ते सांगतात. धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, हस्तलिखितं आहेत. गल्ल्यांनाही नाव बदलायची भानगड नको म्हणून क्रमांक दिलेले आहेत. तिथला कारागीर जुन्याला धरून असतो. हा भेद भूगोलामुळे पडतो की स्वभावामुळे, यावर मतभेद होऊ शकतात. दोघांमधला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष फोनवर साधारण असा चालतो :

“भो, नवं व्हर्जन टाकं का?”

“नही टाकं. का बरं?”

“लई बदलेल शे. टाकी देख.”

“काय बदलेल शे?”

“रंग बदलता येतस.”

“गानं बदलस का?”

“गानं तेच राही ना भो.”

“मंग मन्हं जुनंच बरं शे.”

जळगाव पक्षाचं म्हणणं खोटं नाही. एकविसाव्या आवृत्तीत पडद्याचा रंग मनासारखा बदलायची सोय खरंच आली, आणि रात्री तीन वाजता निळा पडदा पाहून कारागिराला हुरूप येतो. धुळे पक्षाचं म्हणणंही खोटं नाही. विसाव्या आवृत्तीने एका गाण्यात मध्येच ताल बदलायची सोय दिली. हे फार मोठं काम होतं. पण वराती गाण्यात ताल मध्येच बदलला तर पुढच्या ओळीत नाचणारे मागच्या ओळीतल्यांच्या पायावर पडतात, म्हणून ती सोय फारशी कोणी वापरत नाही. नवी फाइल उघडली की सॉफ्टवेअर स्वतःहून जो ठेका धरतं तोही पूर्वी मिनिटाला १४० होता, आता १३० आहे. बेल्जियममध्ये लोक हळू नाचायला लागले असतील. आमच्याकडे हा आकडा पहिल्या मिनिटाला बदलला जातो, त्यामुळे दोन्ही पक्ष त्याकडे दुर्लक्ष करतात.

दोन्ही संप्रदायांचं एका मुद्द्यावर मात्र एकमत आहे : नव्या आवृत्तीची तुलना करायला गाणं बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ अतिशय आनंदात जातो.

६. सिद्धान्त आणि शिफारशी

वरील सगळी परीक्षणं एकत्र केली तर एक गोष्ट स्पष्ट होते. कूलरची परीक्षा कोणीच पूर्ण उत्तीर्ण होत नाही. सूर आधीच लागलेला असतो. ट्रॅक उरतात. रंग आवडीनुसार. ट्यूबेचा निकाल कंपनीच्या हातात नसून ट्रकवाल्याच्या हातात आहे. उरते ती एकच परीक्षा, जी कोणत्याही यादीत ठळक छापत नाहीत : मागच्या वर्षीचं गाणं नव्या आवृत्तीत उघडतं का?

खान्देशी स्टुडिओचं खरं भांडवल जुन्या फायलीत असतं. मागच्या हंगामात ज्या नवरदेवासाठी गाणं केलं त्याच्या धाकट्या भावाचं लग्न या हंगामात असतं. ढोल तोच, चाल तीच, नाव तेवढं बदलायचं. काम अर्ध्या तासाचं आणि पैसे पूर्ण. फाइल उघडली नाही, किंवा उघडली पण आतलं एखादं जुनं उसनं साधन नव्या आवृत्तीने ओळखलं नाही, तर धाकट्याला वेगळं गाणं मिळतं आणि घरात कायमचा रुसवा शिरतो. सर्वसाधारणपणे नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते. जुनी आवृत्ती नवी फाइल उघडेल याची मात्र शाश्वती नाही. म्हणून पुढे टाकलेलं पाऊल मागे घेता येत नाही, हे पूर्ण समजून ते टाकावं. १९०६ पासून तीन वेळा नावं आणि हद्दी बदलूनही खान्देशाची फाइल उघडते आहे. तेवढी हमी ज्या आवृत्तीत मिळेल ती चांगली, बाकीचे तिचे गुण शोभेचे, असा आमचा निकाल आहे.

शिफारशी थोडक्यात. तुळशीच्या लग्नापासून चातुर्मास लागेपर्यंत कोणतीही आवृत्ती संगणकावर टाकू नये. मध्ये धोंड्याचा महिना आला तर तेवढी सूट. टाकण्याआधी जुन्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क घरातल्या वडीलधाऱ्यांकडे द्यावी, कारण त्यांच्याकडून वस्तू परत मिळवणं अवघड असलं तरी हरवत नाही. पैसे भरून घेतलेली प्रत वापरावी. ती पुढे फुकट नवी होत राहते आणि रात्री झोप लागते. रात्री दहानंतर ट्यूबा बंद कराव्यात, हे सांगूनही कोणी ऐकणार नाही, तरी निबंधात नोंद असावी. आणि ज्यांनी आमचा सल्ला येण्याआधीच हंगामाच्या तोंडावर नवी आवृत्ती टाकली आहे, त्यांनी हा निबंध बाजूला ठेवून आत्ताच मागच्या वर्षीची एक फाइल उघडून बघावी. उघडली तर ठीक. नाही उघडली, तर हळदीच्या घरी आजच फोन करून सांगावं. हळदीच्या दिवशी सांगू नये.